तीन गळ्यांचं गाणं

घरी आलेल्या माणसानं उंबऱ्यातच उभं राहावं, डोक्यावरची टोपी काढू नये, पुढं केलेला चहा निवू द्यावा आणि बोलणं संपलं की पाठ फिरवून चालू लागावं, याला काय म्हणायचं? राहेलअक्कांच्या लेखी याला माज म्हणायचं, दुसरं नाव नाही. कुमहेलिगचा मेरेडिथ दुकानदार उजागऱ्यांच्या दारात नेहमी असाच यायचा. बस म्हटलं तर बसायचा नाही. आत फोडणी पडली की रुमाल नाकाला. अक्का म्हणायच्या, ह्याच्या आईनं ह्याला चार माणसांत बसायला शिकवलंच नाही. धाकटा भाऊ ते ऐकून घ्यायचा आणि हसायचा. तो धाकटा भाऊ म्हणजेच आपले शांतवन महाराज.

महाराज मूळचे शेवगावकडचे उजागरे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांची ही कथा घडली ती दूर विलायतेत, वेल्स म्हणतात त्या मुलुखात. तिथं डोंगरांच्या बेचक्यात कुमहेलिग नावाचं गाव आहे. तिकडच्या बोलीत त्याचा अर्थ वाळुंजाच्या झाडांची दरी. मेंढरं, धुकं, पाटीच्या काळ्या दगडाची खाण आणि वर्षातले बहुतेक दिवस ओली चप्पल, असं ते गाव. फार पूर्वी त्या गावची एक बाई आपल्याकडे आली होती. प्लेगाच्या साथीत ज्यांना घरच्यांनी टाकलं त्यांना तिनं उचललं आणि त्यातच ती गेली. तिची माती शेवगावकडेच आहे. त्या बाईच्या गावातली उपासना बंद पडली, चॅपेलात, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरात, आता लोकरीच्या गोण्या भरून ठेवतात, असं महाराजांच्या कानावर आलं तेव्हा त्यांना रात्रभर चैन पडेना. सकाळी ते म्हणाले, "तिनं आपल्या दारात दिवा लावला. तिच्या दारात अंधार कसा राहू द्यायचा?" आणि पत्नी सगुणाबाई आणि विधवा थोरली बहीण राहेलअक्का, यांना घेऊन ते निघाले.

कुमहेलिगच्या लोकांना वाटलं, हा काळा बुवा आता आपल्याला उपदेश करणार. पण महाराजांनी गेल्या गेल्या उपदेश केलाच नाही. ते गप्प बसले! धनगरांच्या शेजारी जाऊन बसायचे, हे काय, ते काय, विचारायचे. इंग्रजी त्यांना चांगलं येत होतं. पण चुलीपाशी जी भाषा बोलतात तीच आपण शिकायची, असा त्यांचा हट्ट. वर्ष लोटलं आणि महाराज त्या लोकांच्या बोलीत प्रार्थना करू लागले. चॅपेलातल्या गोण्या त्यांनी स्वतःच्या पाठीवरून बाहेर काढल्या. पण आतलं एक बाकडं हलवलं नाही, दारावरची जुनी पाटी बदलली नाही. त्यांचीच जुनी गाणी त्यांच्याच चालीवर म्हटली. पुढं एका रविवारी परवानगी मागून पिशवीतून चिपळ्या काढल्या, तेव्हा म्हातारे खाणकामगार बुटांनी ताल धरायला लागले. बुवा, बुवा म्हणून लहानथोर त्यांच्यामागं फिरत.

अक्कांना हे सगळंच पटायचं असं नाही. आईबाप गेल्यावर त्यांनीच शांतूला वाढवलेलं. शाळा म्हणाल तर अक्का शुभवर्तमानातले ठळक मथळे बोट लावून वाचायच्या, तेवढीच. पण ताठ्याला शाळा लागत नाही. तिकडची बोली त्यांना दोन वर्षांत सगळी समजायला लागली होती. बोलायच्या मात्र मराठीच. दुधवाल्याशी मराठी, शेजारणीशी मराठी, मेंढराशीही मराठी. "समजायचं असंल त्यानं समजून घ्यावं," म्हणायच्या. आणि गंमत अशी की लोक समजून घ्यायचे!

आता त्या लोकांची एक रीत सांगायला हवी, कारण सगळी कथा तिच्यावरच उभी आहे. आपल्याकडे जशी काकड्याची वेळ, तशी नाताळात भल्या पहाटे तिकडे एक उपासना होते. तिला ते प्लगाईन म्हणतात. जो तो आपली मेणबत्ती घेऊन येतो. पेटी नाही, वाद्य नाही, कुणी नाव पुकारत नाही. एक घर उठतं, पुढं जाऊन येशूजन्माचं आपलं गाणं म्हणतं आणि परत येऊन बसतं. मग दुसरं घर. आणि गाणं ज्याचं त्याच्या घरचं! आजाकडून बापाला, बापाकडून लेकरांना आलेलं. एका घरचं गाणं दुसऱ्यानं म्हणायचं नाही, आणि त्या पहाटे एकदा झालेलं गाणं पुन्हा व्हायचं नाही. ज्या घरानं वर्ष चुकवलं, त्या घराचं गाणं मिटलं असं त्या दरीत धरतात. कुमहेलिगचं प्लगाईन चॅपेलाबरोबरच बंद पडलेलं. तोवर प्रत्येक घर शेजारच्या दरीत जाऊन आपली पाळी राखत होतं. महाराजांनी चॅपेल उघडलं आणि तिसऱ्या वर्षीच्या नाताळात प्लगाईन पुन्हा गावात येणार असं ठरलं. म्हाताऱ्या माणसांना केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

एकटी नेस्टाबाई तेवढी कष्टी होती. नेस्टाबाई डोंगराच्या कुशीला मेंढरं राखून राहायची. लग्न केलं नव्हतं. तिच्या घरचं गाणं तीन गळ्यांचं. वरचा सूर तिचा, मधला बापाचा, खालचा भाऊ ईवानचा. बाप आधीच गेला, त्यानंतर एक चुलता मधला सूर सांभाळत होता, तोही गेला. आणि त्या वसंतात ईवान गेला. खाणीच्या धुळीनं त्याची छाती भरलेली. तिसऱ्या कडव्याच्या आधी ईवान नेहमी घसा खाकरायचा, एकदाच, मूठ तोंडाशी धरून. साऱ्या दरीला ते ठाऊक होतं. लोक म्हणायचे, ईवान खाकरला नाही तर तिसरं कडवं सुरूच होणार नाही.

शनिवारी चॅपेल झाडायला नेस्टाबाई यायची आणि अक्का असायच्याच. एकीनं बाकडी पुसायची, दुसरीनं फरशी. नेस्टा तिच्या बोलीत बोलायची, अक्का आपल्या. दोघींचं छान चालायचं. काम करता करता नेस्टा आपलं घरचं गाणं गुणगुणायची. अक्कांच्या कानात ती चाल बसली. आणि आपल्या बायांना चाल आवडली की त्या काय करतात? तिच्यावर आपले शब्द बसवतात! शेवगावकडे एखाद्या भजनाची चाल उचलली तर ज्याची त्याला अभिमान वाटतो, आपली चाल चार गावं फिरली म्हणून. अक्कांनी नेस्टाच्या चालीवर येशूबाळाचं मराठी पद केलं. मैत्रिणीला नाताळात ऐकवून चकित करायचं असं त्यांच्या मनात होतं. मनात काही वाईट नव्हतं, हे लक्षात ठेवा.

पण धीर कुठला! चॅपेलात बायकांचं चहापाणी होतं. नेस्टा मेंढरांमागं गेलेली, आली नव्हती. मेरेडिथ दुकानदार साखरेची पोती पोचवायला आला आणि दाराशी रेंगाळला. कुणीतरी अक्कांना आग्रह केला आणि अक्कांनी नवं पद म्हटलं. मेरेडिथनं मान वर केली. तीन वर्षांत पहिल्यांदा तो अक्कांशी गोड बोलला. म्हणाला, "पुन्हा म्हणा ना बाई." अक्का फुलल्या. पुन्हा म्हटलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं आणि आणखी एकदा म्हणायला लावलं. त्या दिवशीसुद्धा टोपी त्याच्या डोक्यावरच होती. पण कौतुकाच्या भरात अक्कांना ती दिसली नाही.

मेरेडिथ हा त्या मुलुखातल्या मोठ्या गायकमंडळाचा म्होरक्या. दुकानाच्या खिडकीत चहाच्या डब्यांच्या वर त्यानं जिंकलेले चांदीचे पेले मांडलेले. एकदा कानावर पडलेलं गाणं तो विसरत नसे. आठवड्याच्या आत दरीत बातमी पसरली, मेरेडिथचं मंडळ नेस्टाच्या घरचं गाणं बसवतंय आणि प्लगाईनला तेच म्हणणार! कुणी त्याला हटकलं तर म्हणाला, गाणं परक्या तोंडी गेलंच आहे, ते आता घरचं राहिलं कुठं, आणि ते घरही संपलंय, गाणं वाया का जाऊ द्यायचं. आणि दुकानात भर लोकांत नेस्टाला म्हणाला, "एका मेंढीला कुणी कळप म्हणत नाही, बाई. तुमचं गाणं तीन गळ्यांचं. उरलेले दोन कुठायत?" नेस्टानं घेतलेलं मीठ तिथंच ठेवलं आणि ती डोंगर चढून गेली. त्या शनिवारी ती चॅपेल झाडायला आली नाही. पुढच्याही नाही.

चाल बाहेर कशी गेली हे कळायला वेळ लागला नाही. महाराजांनी अक्कांना विचारलं तेव्हा त्या भाजी चिरत होत्या. चिरतच राहिल्या. तोंडानं मात्र हार नाही. म्हणाल्या, "त्यात काय एवढं? चाल काय कुणाच्या बापाची असती व्हय?"

महाराज हळू आवाजात म्हणाले, "इथं असते, अक्का. इथं ती बापाचीच असते."

विळी थांबली. मग त्यांनी भावाकडे न बघता दोन्ही हातांनी आपले कान धरले. पांढऱ्या केसांची ती बाई, कधी कुणापुढं नमली नाही, ती शाळेतल्या पोरासारखी कान धरून बसली. सगुणाबाई सांगायच्या, अक्कांना तशा बघवेना म्हणून त्या परसात निघून गेल्या.

लगेच अक्कांचं डोकं चालायला लागलं. म्हणाल्या, मग आपण दोघं नेस्टाबरोबर उभं राहू, मला चाल येते, तू खालचा सूर धर, होतील की गळे. महाराजांनी मान हलवली. "ते गाणं त्यांच्या घरचं आहे. आपण म्हटलं तर आपणही मेरेडिथच झालो. त्यांची रीत मोडून त्यांचं भलं करायचं नाही." अक्का चिडून म्हणाल्या, मग करायचं काय? महाराज म्हणाले, "आधी मागून बघू." आणि त्यांनी अंगात कोट घातला. अक्का त्यांच्या मागं निघाल्या.

दुकानात गिऱ्हाइकं होती. महाराजांनी हात जोडून मेरेडिथला विनंती केली, की चूक आमच्या घराची आहे, चाल आमच्याकडून बाहेर पडली, तुम्ही मोठे गवई आहात, दुसरं कुठलंही गाणं तुमच्या मंडळाच्या तोंडी शोभेल, एवढं एक सोडा. मेरेडिथ वजनं लावत राहिला. मग लोकांकडे बघून हसत म्हणाला, "बुवा, तुम्ही रोज देवाशी बोलता ना? मग सांगा त्याला, तिच्या बापाला आणि ईवानला पाठवून दे. दोघं आले तर मी गप्प बसेन."

काही लोक हसले. काहींनी माना खाली घातल्या. महाराजांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. ते म्हणाले, "बरं. सांगतो."

एवढंच. आणि नमस्कार करून ते बाहेर पडले.

वाटेत अक्कांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. त्या मेरेडिथच्या साता पिढ्यांचा उद्धार त्यांनी पुलापर्यंत केला. पुलावर महाराज थांबले. म्हणाले, "अक्का, त्याच्या पिढ्या नाहीत म्हणूनच तो असा आहे. त्याचा बाप परमुलखातून इथं दुकान टाकायला आला. त्यांच्या घराला गाणं नाही. लहानपणी दर प्लगाईनला तो शेगडीजवळ बसून दुसऱ्यांच्या घरची गाणी ऐकायचा. मोठा झाल्यावर ईवानकडं गाणं मागायला गेला होता. ईवान म्हणाला, घरचं आहे, देता येत नाही. त्याला माज नाही अक्का, भूक आहे." अक्कांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. भुकेल्याला त्यांनी जन्मात कधी शिवी दिली नव्हती. त्यामुळं त्यांची मोठी पंचाईत झाली.

महाराज तसेच डोंगर चढून नेस्टाबाईच्या घरी गेले. अक्का दाराशी घुटमळल्या. मग गोठ्यात शिरून मेंढरांना वैरण टाकायला लागल्या. नेस्टानं बघितलं, पण नको म्हणाली नाही. महाराजांना ती म्हणाली, मी येणार नाही बुवा, एका गळ्याचं ते गाणंच होत नाही, उगाच हसं कशाला.

महाराजांनी विचारलं, "मेणबत्त्या किती आणता?"

"एक. माझी."

"यंदा तीन आणा."

नेस्टाचे डोळे भरून आले. "थट्टा करता का बुवा?"

"नाही बाई. मी निरोप दिलाय. उत्तर काय येईल ते मला ठाऊक नाही. पण कुणी आलंच, तर त्यांना उजेड नको का?"

त्यानंतर नाताळापर्यंत महाराज जेवायला बसले की दोन घास खायचे आणि हात थांबायचा. अक्का विचारायच्या, काय झालं रे शांतू. ते म्हणायचे, काही नाही, विनवणी चाललीय.

प्लगाईनची पहाट उजाडायची होती. बाहेर गोठवणारी थंडी, डोंगरावरून कंदील घेऊन लोक उतरत होते. चॅपेल खचाखच भरलं. मेणबत्त्यांच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे आपल्याकडच्या दिवाळीच्या पहाटेसारखे दिसत होते. महाराजांनी प्रार्थना केली आणि ते बाजूला बसले. नेस्टाबाई शेवटच्या बाकावर येऊन बसली. मांडीवर तिनं रुमालाची पुरचुंडी धरलेली.

एकेक घर उठू लागलं. उजागऱ्यांच्या घराचीही पाळी झाली. महाराज आणि अक्का पुढं गेले आणि त्यांनी आईची जात्यावरची येशूबाळाची ओवी म्हटली. ती मात्र खरोखरच घरची होती. अक्कांचं ते नवं पद त्यांनी कान धरले त्या दिवसापासून कुणी ऐकलं नाही.

मग मेरेडिथ उठला. नेस्टाच्या आधीच उरकून टाकायचं असा त्याचा बेत. त्याच्यामागं त्याचं मंडळ, छाती काढून चालणारे दांडगे गडी. टोपी तेवढी त्यानं चॅपेलात काढलेली, पण मान टोपी घातल्यासारखीच. सूर धरायला ते लोक एक छोटा लोखंडी चिमटा वापरतात. आपटला की त्यातून झणझणीत सूर निघतो. मेरेडिथनं तो कठड्यावर आपटला. लाकडावर लाकूड आपटावं तसा ठप्प आवाज आला. त्यानं चिमट्याकडे पाहिलं, पुन्हा आपटला. तेच. मग त्यानं तोंडानंच सूर दिला आणि हात उचलला.

सगळ्यांनी तोंडं उघडली. आणि चाल कुणालाच आठवेना!

कित्येक आठवडे घोकलेली चाल! एकानं काही तरी सुरू केलं, ते दुसरंच निघालं. दुसरा त्याच्याकडे बघायला लागला. मेरेडिथचा हात हवेत तसाच. ज्या माणसाला ऐकलेलं कधी विसरायचं ठाऊक नाही, त्याच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला. त्यानं डोळे मिटले, ओठ हलवले. काही नाही. शेवटी त्यानं हात खाली घेतला आणि मंडळ परत फिरून जागेवर बसलं. चॅपेलात कुणी हसलं नाही. अक्कांच्या ओठांवर हसू येऊ घातलं होतं. महाराजांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ते हसू जागच्या जागी विरलं.

कुणीच उठेना. तेव्हा मागून काठीचा आवाज आला.

नेस्टाबाई मधल्या वाटेनं चालत पुढं आली. पुढच्या कठड्यावर तिनं रुमाल सोडला. आपली मेणबत्ती मधे लावली. एक डाव्या हाताला, एक उजव्या हाताला. मग तिनं गायला सुरुवात केली. आवाज बारीक, म्हातारा, जागोजाग तुटणारा. पहिलं कडवं ती एकटी गायली आणि ते ऐकताना लोकांना तिच्याकडे बघवेना.

अक्का पहिल्याच बाकावर होत्या. मेणबत्त्या त्यांच्या डोळ्यांसमोर. दुसरं कडवं सुरू झालं तेव्हा त्यांना दिसलं, की नेस्टाच्या मेणबत्तीची ज्योत सरळ उभी आहे, पण दोन्ही बाजूंच्या ज्योती पुढं वाकताहेत. ओळीला वाकतात, ओळ संपली की सरळ होतात. पुन्हा वाकतात. जसं त्यांच्या मागं कुणी उभं राहून गात असावं आणि त्याचा श्वास लागत असावा. दारं बंद होती, वारा नव्हता. अक्का बघतच राहिल्या. मग त्यांच्या कानांनाही कळलं. नेस्टाच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता. आणि त्याच्याही खाली एक.

लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. कुणाचेच ओठ हलत नव्हते. मंडळातले गडी तोंडं मिटून बसलेले. नेस्टानं मान वळवली नाही. तिचा आवाज मात्र आता तुटत नव्हता, आधाराला काठी मिळावी तसा तो त्या दोन आवाजांवर रेलून चालला होता. दुसरं कडवं संपलं.

आणि तिसऱ्याच्या आधी, उजव्या मेणबत्तीच्या मागं, कुणीतरी घसा खाकरला. एकदाच.

बायांनो, काय सांगावं! चॅपेलातले म्हातारे उठून उभे राहिले. खाणीत ज्यांनी ईवानच्या खांद्याला खांदा लावून दगड फोडला होता, ते हुंदके द्यायला लागले. तिसरं कडवं तिन्ही गळ्यांनी पुरं झालं. नेस्टानं वाकून दोन्ही बाजूंच्या मेणबत्त्या फुंकरीनं विझवल्या, जसं पाहुण्यांना निरोप द्यावा तसं सावकाश, आणि ती मागं जाऊन बसली. महाराज कोपऱ्यात डोळे मिटून बसलेले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

प्लगाईन संपलं की सगळ्यांनी कुणाच्या तरी घरी जाऊन न्याहारी करायची, अशीही रीत आहे. त्या वर्षी ती उजागऱ्यांकडे होती. सगुणाबाईंनी आणि अक्कांनी करंज्या केल्या होत्या, चहाचं मोठं पातेलं चुलीवर. घर माणसांनी भरलं. सगळे महाराजांभोवती गोळा झाले, बुवा तुम्ही केवढा चमत्कार केलात म्हणून. महाराज म्हणाले, "मी काय केलं? मेरेडिथनी निरोप सांगितला, मी पोचवला. पाठवलं ते देवबापानं."

तेवढ्यात दारातला आवाज बंद झाला. उंबऱ्यात मेरेडिथ उभा होता. नेहमीच्याच जागी. डोक्यावर टोपी. जरा वेळ तो तसाच राहिला. मग त्यानं हळूच टोपी काढली, छातीशी धरली आणि तो उंबरा ओलांडून आत आला. महाराजांसमोर येऊन तो गुडघ्यांवर बसला. त्या लोकांत पाया पडायची रीत नाही. त्यानं अक्कांना प्रार्थनेच्या वेळी जमिनीला डोकं टेकताना पाहिलं असेल, तसंच त्यानं डोकं टेकलं.

महाराजांनी त्याला खांद्यांना धरून उठवलं. "तुमच्या घराला गाणं नव्हतं, हे दुखणं मला ठाऊक होतं हो. मीच आधी येऊन तुमच्याशी बोलायला हवं होतं. पण डोकं इथं नाही टेकायचं." आणि त्यांनी नेस्टाकडे बोट केलं.

मेरेडिथ नेस्टाबाईपुढं गेला आणि मान खाली घालून उभा राहिला. नेस्टानं त्याला खालीवर न्याहाळलं. मग म्हणाली, "तू मंडळाकडून खालचा सूर चुकीचा बसवून घेत होतास. दुकानाच्या मागून जाताना मी ऐकलंय. तिसऱ्या ओळीला ईवान खाली नाही जायचा, वर जायचा." पुढं म्हणाली, "त्यानं घरचं गाणं बाहेर दिलं नाही, मीही देणार नाही. पण माझ्या घरात दोन जागा रिकाम्या आहेत. गुरुवारी वर ये, शिकवते."

मेरेडिथ लहान मुलासारखा रडायला लागला. घरातली माणसं इकडे तिकडे बघायला लागली. आणि सगळ्यांची नजर आपोआप अक्कांकडे गेली, कारण अक्कांची जीभ सगळ्यांना ठाऊक होती, आणि ह्या माणसाचं त्यांचं देणंघेणं तीन वर्षांचं होतं.

अक्का पातेल्यापासून उठल्या. पहिला पेला त्यांनी नेस्टाबाईच्या हातात दिला आणि तिच्या डोळ्यांत बघून आपला एक कान चिमटीत धरला. नेस्टानं त्यांचा हात कानावरून खाली ओढला आणि आपल्या हातात घट्ट धरून ठेवला. मग अक्कांनी दुसरा पेला भरला आणि त्या मेरेडिथसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्याच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं, हातातल्या टोपीकडे पाहिलं. आणि ज्या अक्का त्या मुलखात मराठीशिवाय एक अक्षर बोलल्या नव्हत्या, त्या मोडक्यातोडक्या का होईना, पण त्याच्याच बोलीत म्हणाल्या,

"आता माणसात आलास. बस खाली. चहा निवतोय."